जाऊन परतणारी वीज

हजिऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला असलेली आपली मंडळी माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा कधी कधी भिंतीवरच्या एका पेटीविषयी विचारतात. तिच्यावर हृदयाचे चित्र आणि त्यात विजेची खूण असते. "डॉक्टर, शॉक लागून माणूस मरतो, मग पडलेल्या माणसाला शॉक कशाला?" मी होमिओपॅथीचा माणूस. माझ्या साखरेच्या गोळ्या त्या वेळी कामाच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

हृदय अचानक बंद पडले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते नुसते थरथरत असते. ढोलपथकात प्रत्येकाने आपला वेगळा ठेका धरावा तशी स्नायूंची गत होते आणि रक्त पुढे जात नाही. जोराचा प्रवाह गेला की सगळे ढोल एकदम थांबतात आणि मूळ ठोका देणाऱ्या केंद्राला पुन्हा सुरुवात करता येते. सिनेमात सरळ रेघ दिसताच शॉक देतात, ते खोटे. त्या रेघेवर शॉकचा उपयोग नाही.

१८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले, की लहान झटक्याने थरथर सुरू होते आणि मोठ्याने थांबते. हे लिहिताना माझ्यासारख्या जैनाचे मन चरकते. पण आपल्या घरचा माणूस ज्या ज्ञानाने वाचतो त्याची किंमत कोणी मोजली, हे लपवणे मला अधिक वाईट वाटते.

१९४७ मध्ये क्लीव्हलँडला क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला शॉक देऊन त्याला वाचवले. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी बंद छातीवरून तेच साधले. दोघांनीही घरातल्यासारखी ए.सी. वीज वापरली होती. १९६२ च्या सुमारास बर्नार्ड लाउन यांनी कपॅसिटरमध्ये साठवलेली डी.सी. वीज आणली. ती एकाच दिशेने जाई, आणि तिची मात्रा ३६० जूलपर्यंत न्यावी लागे.

याच वाटेने मॉस्कोत आधीच कोणी चालत होते. जिनिव्हात बातेलींसोबत काम केलेल्या लीना श्टेर्न पुढे मॉस्कोला गेल्या. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नाउम गुर्विच यांनी १९३९ मध्येच कपॅसिटरची वीज सुचवली होती, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथे दोन दिशांची लाट देणारी यंत्रे निघाली. अमेरिकेत तशा पहिल्या स्वयंचलित पेटीला मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. दोन देशांच्या अबोल्याची ही किंमत माझ्या मनातून जात नाही.

त्या लाटेची युक्ती अशी. पहिला झोत पेशींना एकदम भारित करतो. काही पेशींवर थोडा भार उरतो आणि त्यातून थरथर पुन्हा पेटू शकते. मग काही मिलिसेकंदांत प्रवाह उलटतो आणि तो उरलेला भार पुसून टाकतो. सगळ्यांत जास्त मानले जाणारे स्पष्टीकरण हेच आहे. त्यामुळे १५० ते २०० जूल पुरतात. शक्ती कमी लागली म्हणून कपॅसिटर आणि बॅटरी लहान झाली, आणि एके काळी गाड्यावरून ढकलत न्यावे लागणारे यंत्र तुमच्या कारखान्याच्या भिंतीवर आले. प्रत्येकाच्या छातीचा विजेला होणारा अडथळा वेगळा असतो. पेटी तो मोजून लाट बेतते.

छाती दाबणे सुरू केले नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हजिऱ्याहून सुरत शहर गाठेपर्यंत किती मिनिटे जातात ते तुम्ही जाणता. तेव्हा १०८ ला फोन करायला एकाला सांगा, दुसऱ्याला पेटीकडे पळवा आणि आपण छाती दाबायला घ्या. पेटी उघडायला घाबरू नका: हृदयाचा ताल ती स्वतः तपासते आणि गरज नसेल तर शॉक सोडतच नाही.