मावळतीची वाट आणि वर्ध्याची स्थानपोथी

ऐतिहासिक नगरे पायी हिंडून पाहावीत, आणि शक्यतो दिवस कलताना पाहावीत, असा संकेत आता जगभर रूढ झाला आहे. ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावरचे तटबंद शहर हे त्याचे उत्तम उदाहरण. ऊन उतरले की पर्यटकांचे लहान लहान जथे वेशीपाशी जमतात. वाटाड्या पुढे होतो, सरदारांच्या दगडी गल्लीतून त्यांना वर नेतो, तटावर उभे करतो आणि समोरचा समुद्र तांबूस होऊ लागतो. सेंट जॉनच्या पंथातील सरदारांनी १३०९ पासून १५२२ पर्यंत येथे राज्य केले. पुढे १९१२ पर्यंत ऑटोमन तुर्क होते, त्यानंतर इटालियन आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बेट ग्रीसमध्ये सामील झाले. युनेस्कोने १९८८ साली या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मावळतीचा उजेड मोठा मायाळू असतो. जुने आणि जुन्यासारखे केलेले यांतला भेद तो पुसून टाकतो. ऱ्होड्समधील सरदारप्रमुखाचा जो भव्य प्रासाद पाहून प्रवासी थक्क होतो, तो १८५६ च्या दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला होता. आज दिसते ती वास्तू बव्हंशी इटालियन राजवटीने १९३७ ते १९४० या काळात उभारलेली आहे. याच शहरातील ज्यू वस्तीमधून जुलै १९४४ मध्ये दीड हजारांहून अधिक माणसे जर्मनांनी ऑशवित्झला पाठवली. त्यांतली फारच थोडी जगली. त्यांच्या नावाचा चौक आज तेथे आहे. पण सूर्यास्ताच्या फेरीत त्या चौकात किती वेळ थांबायचे, की चालता चालता तो ओलांडून पुढे जायचे, हे वाटाड्याच्या हाती असते. नगराचा इतिहास इतिहासकार लिहितात खरे. तथापि प्रवाशाच्या मनात तो राहतो वाटाड्याने जेथे पाय थांबवले त्या क्रमाने.

हा प्रकार परदेशी आहे असे मानण्याचे कारण नाही. 'वाटाड्याचे साहित्य' म्हणता येईल असा एक ग्रंथ मराठीच्या आरंभकाळातच सिद्ध झालेला आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' ही ती कृती. श्रीचक्रधरांनी ज्या ज्या गावी संचार केला, तेथील त्यांच्या स्थानांची ही चौदाव्या शतकातील नोंदवही. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती आधुनिक अभ्यासकांना सुलभ झाली. तिची रीत अगदी साधी आहे. गाव कोणते, त्याच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे, आणि त्या जागी स्वामींनी काय केले, एवढेच ती सांगते. वर्णनाचा हव्यास तीत नाही. पुढच्या माणसाला जागा बिनचूक सापडावी ही एकच तळमळ आहे. आम्हांला विशेष वाटते ते हे की, पोथीकार महत्त्वाच्या आणि बिनमहत्त्वाच्या स्थानांची प्रतवारी करत नाही. जेथे निरूपण झाले ते स्थान, जेथे भोजन झाले ते स्थान, आणि जेथे स्वामींनी परिश्रय म्हणजे देहधर्म केला तेही स्थानच. देहाशी निगडित कोणतीही जागा नोंदीला अपात्र मानायची नाही, हा या पोथीचा मोठाच विवेक होय.

ही दृष्टी घेऊन वर्ध्याकडे पाहावे असे आम्हांला अनेक दिवसांपासून वाटत आले आहे. वर्ध्याला तट नाही, बुरूज नाहीत, समुद्र तर नाहीच. शहर म्हणून त्याचे वयही फार नव्हे. १८६२ साली नागपुरापासून निराळा जिल्हा झाला तेव्हा ठाणे पुलगावजवळच्या कवठ्यास होते. ते १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी हलले आणि वर्धा वसले. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अशा शहरात पाहण्यासारखे काय, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो आणि मग मोटारीने सेवाग्रामला जाऊन, बापूकुटी पाहून, संध्याकाळच्या गाडीने परततो. आमचे म्हणणे असे की, वर्ध्याचा इतिहास वास्तूंपेक्षा वाटांचा इतिहास आहे. तो पायांनी घडला आहे, आणि म्हणून पायीच वाचला पाहिजे.

या वाटेचा आरंभ सेवाग्रामपासून करू नये, सिंदीपासून करावा. सिंदी (मेघे) हे वर्धा शहराला चिकटलेले गाव. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) ती निराळी. आज सिंदी (मेघे) येथे शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. मात्र १९३५ साली ते मगनवाडीशेजारचे एक खेडे होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काम करू लागला होता. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते, आणि १९३५ च्या आरंभापासून गांधीजींचा मुक्कामही तेथेच होता. खेड्यांच्या पुनर्रचनेचे विचार मगनवाडीत चालत, आणि खेडे तर हाकेच्या अंतरावर होते.

त्या खेड्यात शिरण्याची वाट मैल्याने भरलेली असे. मगनवाडीतील मंडळी सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन सिंदीला जात, रस्त्याकडेचा मैला उचलत आणि चरांत पुरून त्याचे सोनखत करण्याचा प्रयत्न करत. महादेवभाई देसाईंसारखा विद्वान चिटणीसही या कामात होता. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी असलेल्या मीराबेन तर सिंदीतच राहायला गेल्या. या कामाचे फळ काय मिळाले? गाव फारसे बदलले नाही. झाडणारे रोज येत आणि रस्ता रोज पूर्ववत होई. अखेर मीराबेन शहरापासून दूर असलेल्या शेगावला गेल्या, आणि सिंदीचे प्रकरण गांधीचरित्रांतून दोनचार परिच्छेदांपुरते उरले.

सिंदीचे महत्त्व आम्हांला या अपयशातच दिसते. रस्ता घाण करणाराला ती घाण आपली वाटत नव्हती, कारण ती उचलणे हे कोणाचे काम हे जातीने केव्हाच ठरवून टाकले होते. ते काम मोठ्या घरच्या माणसांनी हाती घेतले म्हणून ती व्यवस्था ढळली नाही; गावाच्या दृष्टीने उचलणारे हात तेवढे बदलले. सेवेने हृदयपालट होतो या श्रद्धेची कसोटी सिंदीच्या वाटेवर लागत होती, त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. सवर्णांच्या हृदयपालटाची वाट किती पाहायची, हा त्या घोषणेमागचा प्रश्न होता. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या वर्षाचा अर्थ लागत नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी शेगावला राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी आंबेडकर त्यांना तेथे भेटले. सेवाग्रामच्या वाटेवरचे आरंभीचे पाहुणे कोण होते, हे वाटाड्याने आवर्जून सांगायला हवे.

मगनवाडी ते सेवाग्राम ही या वाटेची दुसरी मजल. अंतर साधारण साडेपाच मैल. शेगावचे सेवाग्राम १९४० मध्ये झाले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकत असे, हे त्याचे व्यावहारिक कारण. गांधीजी शेगावला गेले तरी महादेवभाईंचे बिऱ्हाड काही काळ मगनवाडीतच होते. पत्रव्यवहार, 'हरिजन'चे लेखन, भेटीला येणारांची व्यवस्था हे सारे पाठीवर घेऊन हा माणूस रोज पायी शेगावला जाई आणि पायी परत येई. म्हणजे दिवसाला अकरा मैल, आणि काम निघाले तर दोन खेपांचे बावीस. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. सेवाग्राम वर्ध्याच्या पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळी जाताना सूर्य समोर, आणि सायंकाळी परततानाही सूर्य समोरच. ज्या मावळतीसाठी ऱ्होड्सच्या तटावर गर्दी होते, ती महादेवभाईंनी डोळे बारीक करून, धुळीतून चालत पाहिली. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांचे निधन झाले. बापूकुटीच्या अंगणात उभे राहून साधेपणाची थोरवी गाणे सोपे आहे. तो साधेपणा चालावा म्हणून रोज कोणाचे पाय झिजत होते, हे मात्र रस्त्यावर उतरल्यावाचून कळत नाही.

तिसरी वाट पवनारची. येथे इतिहास अधिक खोल आहे. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले. १९३८ साली विनोबा धाम नदीच्या काठी राहायला आले, आणि तेथील शेतजमीन खोदताना जुनी शिल्पे निघाली. भरत-रामभेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प त्यांपैकीच. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी येथेच भाषण केले. आमच्या विषयाशी अधिक लगटून आहे ती १९५१ ची घटना. हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला विनोबा मार्चमध्ये पायी निघाले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते पुन्हा पवनारहून चालत निघाले. परत आले ते १९६४ साली. धामच्या पुलावरून मावळती पाहताना ही तेरा वर्षांची वाट डोळ्यांसमोर आणावी. दान मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक होती आणि बरीचशी कधी वाटलीच गेली नाही, हेही तेथेच सांगून टाकावे. अन्यथा आपली सूर्यास्ताची फेरी आणि ऱ्होड्सचा नवा जुना प्रासाद यांत अंतर राहणार नाही.

वर्ध्यात अशी फेरी आखावी, असे मधूनमधून सुचवले जाते, आणि ते योग्यच आहे. लक्ष्मीनारायण मंदिर तीत असावे. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्यांना खुले केले. आपल्याच घराण्याच्या देवळात आपल्याच समाजाचा रोष त्यांनी पत्करला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय असावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये नयी तालीमची परिषद जेथे भरली ती शाळा असावी, आणि जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव ज्या शहरात केला त्या शहरातील बजाजवाडीही असावी. आक्षेप असेल तर तो एवढाच की, या यादीत सिंदी कधीच नसते. तेथे पाटी नाही, कुटी नाही, छायाचित्र घ्यावे असे काही नाही. जे काम फसले त्याचे स्मारक होत नाही. पण वर्ध्याने देशापुढे जे प्रश्न ठेवले त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न तेथेच विचारला गेला, आणि तो सुटला असे आजही कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर संसदेने १९९३ साली कायदा केला, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. सिंदीनंतर पाऊणशे वर्षांनी कायद्याला तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागतो, यातच त्या वाटेचे समकालीनत्व आहे.

स्थानपोथीची रीत येथे उपयोगी पडेल. गाव सिंदी, शहरालगत, येथे मीराबेन राहिल्या, या वाटेवर मगनवाडीच्या माणसांनी मैला उचलला, गाव फारसे बदलले नाही. एवढी नोंद पुरे. विशेषणांची गरज नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी, इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि गावातील वृद्धांनी एकत्र बसून अशी पन्नासएक स्थाने लिहून काढली, तर वर्ध्याला तटबुरुजांवाचून आपली पोथी मिळेल. वाचकांपैकी कोणी हिवाळ्यात वर्ध्यास आलेच, तर त्यांनी उन्हे उतरायच्या आधी सिंदीहून निघावे, मगनवाडीवरून पूर्वेला वळावे आणि पाठीवर ऊन घेत चालत राहावे. सेवाग्रामला पोहोचेपर्यंत अंधार पडेल आणि बापूकुटी नीटशी दिसणारही नाही. ती दुसऱ्या दिवशी पाहता येते.