मुलुंडची बाटली

हिंदीत ‘पथरचूर’ म्हटले की नेमके कोणते झाड, हे ठरवणे कठीण. इथे दुर्गमध्ये त्या नावाने पानफुटीही दाखवतात. मी बोलतो आहे ते झाड वेगळे. तुळशीच्या कुळातले, जांभळ्या फुलांचे, जाड सुगंधी मुळांचे. मराठीत त्याला मैनमूळ म्हणतात, गुजरातीत गरमर. माझ्या शेजारच्या गुजराती घरात या मुळांचे लोणचे होते आणि वाटीभर आमच्याकडेही येते. शास्त्रज्ञ त्याला बरीच वर्षे ‘कोलियस फोर्सकोहली’ म्हणत आले. नावातला पेटर फोर्सकोल हा लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने काढलेल्या अरबस्तान मोहिमेत तो १७६३ साली येमेनमध्ये हिवतापाने गेला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईला पोचला. मोहिमेतला तोच एकटा पुढे जिवंत घरी परतला.

दोनशे वर्षांनी फोर्सकोलचे नाव मुंबईत पुन्हा उच्चारले गेले, मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात. या मुळांच्या अर्काने रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होत होते. त्यातल्या घटकाची रचना सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. घटकाचे नाव पडले फोर्सकोलिन. मात्र लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्याआधीच, १९७४ पर्यंत, याच झाडातल्या ‘कोलिओनॉल’च्या गुणधर्मांचा अभ्यास छापून आला होता. दोन्ही रेणूंत एका कार्बनवरच्या मांडणीचा फरक असल्याचे मानले जात होते. तो फरक मुळात नव्हताच, दोन्ही एकच, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. तोवर जगभरच्या बाटल्यांवर मुलुंडचे नाव चिकटले होते. लखनौवर यात थोडा अन्याय झाला असे माझे मत आहे. पण त्या बाटलीला एवढे महत्त्व आले कशामुळे, हे कळायला पेशीच्या दारापाशी जावे लागते.

भिलाईच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना कारखान्याचे फाटक आठवायला सांगत असे. निरोप्या फाटकाशी येतो. त्याला आत सोडत नाहीत. पहारेकरी निरोप ऐकतो, आतल्या हरकाम्याला पिटाळतो, हरकाम्या खात्यात जाऊन यंत्र सुरू करवतो. अड्रेनलिन हा असा निरोप्या. तो हृदयाच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेले एक प्रथिन, म्हणजे ग्राही, त्याला बाहेरच धरते आणि त्याचा आकार जरासा बदलतो. आत चिकटलेले जी-प्रथिन त्यामुळे सुटते आणि अडेनिलिल सायक्लेज या विकराला जागे करते. विकर सायक्लिक एएमपी बनवू लागते आणि ठोका जोरात पडतो. माणसात अशा ग्राहींची सुमारे आठशे जनुके आहेत. वास, प्रकाश, अफू, हिस्टामिन, सगळ्यांचे पहारेकरी याच घराण्यातले.

ही साखळी कड्याकड्याने सापडली, आणि तीही शेवटाकडून. अर्ल सदरलँडला सायक्लिक एएमपीसाठी १९७१ चे नोबेल मिळाले, रॉडबेल आणि गिलमन यांना जी-प्रथिनांसाठी १९९४ चे. ग्राहींसाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळाले ते २०१२ मध्ये. अडचण अशी होती की निरोप पोचला नाही तर दोष पहारेकऱ्याचा, हरकाम्याचा की यंत्राचा, हे बाहेरून सांगता येत नसे.

१९८१ मध्ये जर्मनीत मेट्झगर व लिंडनर यांना, आणि अमेरिकेत बेथेस्डा इथे सीमन, पॅजेट व डेली यांना दिसले की फोर्सकोलिन फाटकाशी थांबतच नाही. ते थेट विकराला भिडते. ज्या पेशींत आवश्यक जी-प्रथिन नव्हते तिथे अड्रेनलिनचा निरोप वाया जाई. फोर्सकोलिन मात्र तिथेही सायक्लिक एएमपी वाढवत होते, नेहमीपेक्षा कमी, पण वाढवत होते. तेव्हापासून प्रयोगशाळांना एक पडताळा मिळाला. संप्रेरकाला उत्तर नाही पण फोर्सकोलिनला आहे, तर यंत्र शाबूत आहे, दोष आधीच्या कड्यांत शोधा.

याच्याशिवाय ग्राहींचा शोध अडला असता, असे मी म्हणणार नाही. जी-प्रथिन त्याआधीच हाती आले होते. विकराची गोष्ट निराळी. ते पटलात रुतलेले, प्रमाणाने अत्यल्प, शुद्ध रूपात निघता निघत नव्हते. फोर्सकोलिनचा रेणू बारीक मण्यांना जोडला, मणी नळीत भरले, वरून पेशींचे द्रावण सोडले, तेव्हा ते विकर गळाला लागले. १९९७ मध्ये त्याच्या गाभ्याची स्फटिकरचना टिपली गेली. तिच्यात एका अंगाला जी-प्रथिन बसलेले दिसते, आणि विकराच्या दोन भागांच्या खोबणीत मैनमुळाचा रेणू.

हृदयाचे औषध म्हणून मात्र तो मुलुंडहून बाजारात आला नाही. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, आणि एकाच अवयवावर काम करून थांबत नाही. त्यात फेरफार करून पाण्यात विरघळणारे एक रूप पुढे जपानमध्ये हृदयविकारासाठी वापरात आले. मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेले. सुजाता भट मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागल्या.

झाडाला मात्र ही प्रसिद्धी जड गेली. रेणू मुळात असल्यामुळे झाड उपटावेच लागते, आणि रानातले कोलियस भराभर उपटले गेले. आता दक्षिणेत त्याची शेती होते. त्यातले बरेचसे पीक वजन उतरवण्याच्या गोळ्यांत जाते, ज्यांच्या गुणाचा पुरावा तुटपुंजा आहे. आमच्या शेजारीण दरवर्षी गरमर गुजरातेतून मागवतात. मोहरी थोडी जास्त घालतात.