हमरस्त्यावरचे वस्ताद

आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. शेती, विडीकाम, हमाली, नोकरी अशा नोंदींमधून अधूनमधून ‘ड्रायव्हर’ हा शब्द येतो. तीस वर्षे मी हे अर्ज तपासतो आहे. खाली सही बहुधा आईची किंवा आजोबांची असते. कारण व्यवसाय ज्याचा लिहिला आहे तो गृहस्थ त्या दिवशी चित्रदुर्गाच्या पलीकडे असतो, नाहीतर वाशीच्या बाजारात माल उतरवत असतो. पालकसभेत मी त्याला क्वचितच पाहिले आहे.

सीमाभागाचा इतिहास लिहिताना आम्ही मंडळी १९५६ची राज्यपुनर्रचना, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल, मोर्चे, ठराव आणि संमेलने यांवर पाने भरतो. ते आवश्यकच आहे. पण ज्या रेषेवरून हे सारे घडले ती आठवड्यातून दोनदा ओलांडणाऱ्या माणसाची त्यात एक ओळही नसते. मीही आजवर लिहिली नाही, आणि माझा सख्खा मामा चाळीस वर्षे ट्रकवर होता.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. निपाणीचे महादेव मोरे यांनी गॅरेज, टॅक्सी आणि ड्रायव्हर-क्लीनरांचे जग मराठी कथा-कादंबरीत आणले. ते स्वतः त्या जगात राबलेले होते आणि पुढे पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले. २०२४ साली ते गेले. इतिहासकारांनी जे केले नाही ते या गिरणीवाल्या लेखकाने केले.

पुणे-बंगळूर रस्ता जुना असला तरी त्यावर ट्रकचे राज्य आले ते स्वातंत्र्यानंतर. त्याआधी आमच्या भागातला माल बैलगाडीने घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रेल्वे आली. पण ती मीटरगेज. मुंबईला जायचा माल पुण्याला, आणि पुढे पुणे-मिरज मार्ग रुंद झाल्यावर मिरजेला, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. पुन्हा हमाली, पुन्हा फूटतूट. व्यापाऱ्याला ट्रक आवडला तो या एका कारणासाठी: निपाणीच्या वखारीत चढलेला बोजा थेट पेढीच्या दारात उतरे, मध्ये हात लागत नसे. १९५४ साली टाटांनी जर्मन डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. नाकावर मर्सिडीजचा तारा असलेल्या त्या गाड्या आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतात. करार संपला १९६९ साली. पण मामा शेवटपर्यंत त्या गाडीला ‘मर्सिडी’च म्हणायचा.

मामा १९६२ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. क्लीनरचा आमच्याकडे बोलता बोलता ‘किन्नर’ झाला आहे आणि ड्रायव्हर म्हणजे वस्ताद. तालमीत आणि ट्रकवर एकच शब्द चालतो, आणि शिक्षणाची रीतही तीच. आधी वर्ष-दोन वर्षे गाडी पुसायची, पाणी भरायचे, स्टोव्हला पंप मारून भात टाकायचा, वस्तादाचे कपडे धुवायचे आणि मारही खायचा. मग ताडपत्री बांधायला मिळे. ताडपत्री ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. उघड्या हौद्यात तंबाखूचे बोजे फाळक्याच्या वर पुरुषभर रचलेले असतात. दोर एका बाजूला जास्त ताणला तर घाटातल्या वळणावर सारा माल त्याच बाजूला कलतो. गाठ अशी हवी की चारशे मैल सुटू नये आणि पावसात भिजल्यावर एका झटक्यात सुटावी. मामाने मला ती गाठ तीनदा दाखवली. मी एम.ए. झालो, पण ती गाठ मला आली नाही. हे सारे जमले की एखाद्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, वस्ताद शेजारी सरकून म्हणे, “बस.”

पगार नावापुरता, भत्ता खेपेवर. कायदा नव्हता असे नाही. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली. पण कायदा लागू कुणाला, तर पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आमच्याकडचे मालक एक गाडी, दोन गाड्यांचे. म्हणजे तो कायदा ज्यांच्यासाठी होता त्यांतल्या बहुतेकांच्या कॅबिनपर्यंत पोचलाच नाही. मामाने सलग छत्तीस तास गाडी हाकल्याचे मला माहीत आहे. तो ते अभिमानाने सांगे, मामी ते ऐकताना उठून आत जाई.

नाक्यांचा इतिहास तर स्वतंत्र लिहावा असा आहे. दर शहराच्या वेशीवर जकात, राज्याच्या हद्दीवर विक्रीकर, शिवाय परवान्याची तपासणी. कर्नाटकाने १९७९ साली जकात उठवली, महाराष्ट्रात ती पुढे कित्येक वर्षे राहिली. देशभर चालणारा ‘नॅशनल परमिट’ आला १९७५ साली, तोही सुरुवातीला मोजक्याच गाड्यांना. तोवर हद्द ओलांडायची म्हणजे दुसऱ्या राज्याची सही हवी. तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग लागली की रात्र तिथेच. गंमत अशी की ज्या नाक्यांनी माणसांना अडवले त्यांनीच त्यांना एकत्रही आणले. रस्त्याच्या कडेला दहा स्टोव्ह पेटत. कुणाकडे कांदे, कुणाकडे तामिळनाडूची चिंच, कुणाकडे सोलापूरची शेंगदाण्याची चटणी. मराठी, कानडी, दखनी आणि मोडकी हिंदी यांची जी मिसळ तिथे शिजे, ती कोणत्याही राज्याच्या पाठ्यपुस्तकात सापडायची नाही. पुढे कुठे रस्ता खचला आहे, कोणत्या हुंडेकऱ्याचे पैसे बुडतात, कोणत्या पंपाचे डिझेल चोख, ही सारी खबर या रांगेतच मिळे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे ते नाके उठले. खेपेचे तास वाचले, हे चांगलेच झाले. पण स्टोव्हही विझले.

त्या काळात काही नियम ठरून गेले होते, कुणी न लिहिता. पाटा तुटून किंवा टायर फुटून गाडी पडली की मागे-पुढे झाडाच्या ओल्या फांद्या आणि दगड मांडायचे. पडलेल्या गाडीपाशी पहिली येणारी गाडी थांबणारच. तिच्याकडे जॅक, पाना, ट्यूब, जे असेल ते द्यायचे. घाटात चढणाऱ्या भरल्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. आणि मामाचा सर्वांत आवडता नियम : गाडी दुरुस्त झाली की मांडलेले दगड उचलल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. ते विसरणारा ड्रायव्हर पुढच्या ढाब्यावर शिव्या खाई, कारण रात्री त्याच दगडावर दुसऱ्याची गाडी जाते.

या नियमांची खरी परीक्षा मी १९८६ साली पाहिली. म्हणजे मामाच्या तोंडून ऐकली. कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाने जूनमध्ये बेळगाव पेटले होते. मी त्या वर्षी दहावीत गेलो होतो. मामा हुबळीकडून कापसाच्या गाठी घेऊन येत होता. मालक कोल्हापूरचा, गाडीचा नंबर महाराष्ट्राचा. कित्तूरच्या अलीकडे मागचा पाटा तुटला. अंधार पडत आलेला. दोन-तीन गाड्या न थांबता गेल्या, आणि मामा म्हणे, “त्यांची काय चूक न्हाई, दिवसच तसलं हुतं.” मग दावणगिरीची एक गाडी थांबली. त्या ड्रायव्हरने आपली गाडी मामाच्या गाडीच्या मागे अगदी चिकटवून उभी केली, इतकी की मागून येणाऱ्याला मामाची नंबरप्लेट दिसू नये. आपल्या किन्नराला मिळेल त्या गाडीने धारवाडला पाटा आणायला धाडले. रात्री काही पोरे मोटारसायकलींवर आली. दावणगिरीवाला खाली उतरला, बिडी पेटवली आणि कानडीत सांगितले की दोन्ही गाड्या आपल्याच मालकाच्या आहेत. मामा कॅबिनमध्ये गप्प बसून होता. त्याला उत्तम कानडी येत होते, पण तोंड उघडले तर निपाणीचा हेल कळला असता.

सकाळी पाटा बसवला. दावणगिरीवाल्याची खेप एक दिवस उशिरा पोचणार होती, त्याचा भत्ता कापला जाणार होता. मामाने पैसे पुढे केले तेव्हा त्याने फक्त पाट्याचे घेतले. पुढे बारा-पंधरा वर्षे दोघे रस्त्यावर एकमेकांना गाडीच्या रंगावरून आणि दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखत. एकत्र चहा घेतला असेल दोन-तीनदाच. त्याचे नाव मामाला कधीच कळले नाही. घरात आम्ही सारे त्याला ‘दावणगिरीवाला’ म्हणतो.

मी हे चित्र फार गोड करू इच्छित नाही. याच जगात दारू होती, किन्नराच्या पाठीवर वळ होते आणि घरी वर्षानुवर्षे एकट्याने पोरे वाढवणाऱ्या बायका होत्या. आणि दगड आजही आहेत. डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला, तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. टीव्हीवर फुटलेल्या काचा पाहून मामा म्हणाला, “गाडीचा इमा मालकाला मिळंल. ह्यो मात्र बंगळूरपातूर वारं खात जाणार, थंडीचं.” एमएच-०९ असो की केए-२३, स्टिअरिंगवरचा माणूस अनेकदा त्याच चार तालुक्यांतला असतो, हे दगड मारणाऱ्याला कोण सांगणार?

आता कॅबिन बदलल्या. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली आहे. मामाला ते खरेच वाटत नाही. पण शेजारची जागा बऱ्याच गाड्यांत रिकामी असते. किन्नर मिळत नाही आणि मालकाला परवडत नाही. याचा आनंद मानावा की खेद, हे मुख्याध्यापक म्हणून मला ठरवता येत नाही. नववीतून उठून गाडीवर निघालेल्या दोन मुलांना मी एका वर्षी घरी जाऊन परत आणले होते. त्यांतला एक आज बँकेत आहे. दुसरा शेवटी ड्रायव्हरच झाला. लायसन्स काढून, वस्तादाशिवाय.

गेल्या हिवाळ्यात पवनचक्कीची पाती घेऊन जाणारे तीन लांबलचक ट्रेलर आमच्या शाळेसमोर रात्रभर थांबले. एकेक पाते आमच्या इमारतीहून लांब. ड्रायव्हर उत्तरेकडचे होते. बरोबर विजेच्या तारा बांबूने उचलणारी पोरे. मी त्यांना शाळेचा नळ उघडून दिला. त्यांनी पटांगणाच्या कडेला स्वयंपाक केला आणि ट्रेलरांच्या मागे दगड, फांद्या मांडून झोपले. सकाळी प्रार्थनेच्या आधी ते निघाले. पहिला ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला, दुसरा गेला. तिसरा थोडा पुढे जाऊन थांबला. त्यातून एक पोरगा उतरून धावत मागे आला आणि डांबरावरचे दगड एकेक करून उचलून गटाराच्या कडेला ठेवू लागला. आमची सातवीची दोन मुले दप्तरे खाली टाकून त्याला मदत करायला गेली. प्रार्थनेची घंटा मी पाच मिनिटे उशिरा दिली.