पाप कुणाचं, गुन्हा कुणाचा



मागच्या पावसाळ्यात एका गावच्या बचत गटाच्या बैठकीला आम्ही माईक घेऊन गेलो होतो. विषय होता शेळीपालनाचा. हप्ते गोळा झाले, हिशेब झाला, चहा झाला आणि मग एका ताईंनी कर्ज मागितलं. पंधरा हजार. कर्ज मागताना कारण सांगावं लागतं, रजिस्टरात तसा रकानाच असतो. ताई म्हणाल्या, पोराचं औषधपाणी. पोराला काय झालंय, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. ताई आधी गप्प राहिल्या. मग पदर तोंडाला लावून बोलल्या.

पोरगा सव्वीस वर्षांचा. शहरात कंपनीत कामाला. स्थळं आली की नाही म्हणायचा. दिवाळीत घरी आला तेव्हा आईला म्हणाला, आई, मला बायको नको, माझं मन पुरुषावरच जातं, लहानपणापासून तसंच आहे. ताईंनी एका देवऋष्याला दाखवलं होतं. त्यानं तीन अमावस्या सांगितल्या होत्या, त्याचे हे पंधरा हजार. ताई म्हणाल्या, "देवाला चालत नाही हो असलं. आणि सरकारलाबी चालत नाही. उद्या पोलीस नेतील त्याला."

बारा बायका बसल्या होत्या. कुणी हसलं नाही. लिहिणाऱ्या मुलीचं पेन रजिस्टरावर तसंच थांबलं. आम्ही माईक बंद केला. आज हे सांगतोय ते ताईंना विचारून, गाव आणि नाव न घेता.

परतताना गाडीत आमचं बोलणं सुरू झालं. देवाला चालतं की नाही, ते आम्हाला कसं कळणार? पण सरकारला चालत नाही, हे मात्र आता खरं नाही. मग देव आणि सरकार ही दोन नावं ताईंच्या तोंडी एका दमात कशी आली? त्या गाठीचा इतिहास आम्ही महिनाभर वाचला. तोच आज सांगतोय.

ही गाठ आपल्याकडे बसली नाही, इंग्लंडात बसली. तिकडे पूर्वी पापाचा न्याय चर्च करायचं. १५३३ साली राजा आठवा हेन्री आणि पोप यांचं बिनसलं. चर्चच्या हातातले अधिकार राजा आपल्या हातात घेऊ लागला, त्यात हेही आलं. पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवला तर फाशी, असा कायदा झाला. जे पाप होतं ते राजाच्या दरबारी गुन्हा झालं. त्यासाठी इंग्लंडात शेवटची फाशी १८३५ साली दोन गरीब माणसांना झाली.

त्याच सुमारास मेकॉले साहेब हिंदुस्थानात आले. साऱ्या देशाला एकच दंड संहिता असावी म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मसुदा तयार केला. बाकीच्या गुन्ह्यांवर त्यांनी पानंच्या पानं टिपणं लिहिली. या गुन्ह्यापाशी मात्र म्हणाले की या विषयावर जितकं कमी बोललं जाईल तितकं बरं. संहिता १८६० साली मंजूर झाली, १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यात कलम ३७७ आलं: निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध केला तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. संमतीनं केला की जबरीनं, हा भेदच नाही. बोलायचं नाही म्हणून ठेवलेला कायदा दीडशे वर्षं चालला.

आता कुणी म्हणेल, म्हणजे गोऱ्यांनीच बिघडवलं, आपल्याकडे सगळं गोड होतं. तसंही नाही, मैत्रिणींनो. मनुस्मृतीत पुरुषाला पुरुषाशी संग केल्याबद्दल प्रायश्चित्त काय? अंगावरच्या कपड्यांसकट स्नान. आणि बाईनं कुमारिकेशी तसं काही केलं तर? तिचं मुंडण करा, नाहीतर दोन बोटं छाटा आणि गाढवावरून धिंड काढा. एकाला आंघोळ आणि एकीला गाढव! हे वाचून आमच्यातली एक जण म्हणाली, यात नवीन काय आहे. दुसऱ्या बाजूला याच मातीत यल्लम्माचे जोगते परडी घेऊन दारात येतात, साडी नेसलेल्या त्या पुरुषाच्या पायाला हात लावून आपल्या सासवा कुंकू लावून घेतात. बायबल आणि कुराण मानणाऱ्यांच्या परंपरेतही या संबंधांना मनाई सांगितली आहे. हे सगळं एकाच वेळी खरं आहे.

आपल्या मराठी मुलखात या विषयावर तोंड उघडण्याची किंमत र. धों. कर्वे यांनी मोजली. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत आणि वाचकांच्या शरीराबद्दलच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. मुंबईच्या कोर्टात त्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारले तर जाणकारानं उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले. पण बाबासाहेबांचं नाव या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

इकडे हे चालू असताना इंग्लंडनं मात्र आपलाच कायदा मोडीत काढला. १९५७ साली तिथल्या एका सरकारी समितीनं सांगितलं की दोन सज्ञान पुरुष खासगीत संमतीनं काय करतात, हे पाहणं कायद्याचं काम नाही. १९६७ साली तसा कायदा झाला. आम्हाला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत मोठे धर्मगुरू, आर्चबिशप रॅमसे, हे पाप आहे असंच मानत होते. तरीही संसदेत ते बदलाच्या बाजूनं उभे राहिले. प्रत्येक पाप हे गुन्हा नसतं, अशी त्यांची भूमिका होती. चारशे वर्षांपूर्वीची गाठ सोडवायला धर्माच्या माणसाचाही हात लागला.

आपल्याकडे गाठ सुटायला आणखी पन्नास वर्षं लागली. १९८७ मध्ये मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी गांधर्व विवाह केला, तर त्यांची नोकरी गेली. १९९८ मध्ये 'फायर' नावाचा सिनेमा आला. एकाच घरातल्या दोन जावा, दोघीही नवऱ्याकडून उपेक्षित, एकमेकींच्या प्रेमात पडतात. मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली. जावांची नावं राधा आणि सीता होती, त्यामुळे धर्माचा अपमान झाला, असं म्हणणं होतं. हिंदीत सीतेची नीता झाली होती, तरी राग शमला नाही. नावं गंगू आणि मंगल असती तर चाललं असतं का? आम्हाला नाही वाटत.

२००१ मध्ये नाझ फाउंडेशन ही एड्सवर काम करणारी संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कलमाच्या भीतीनं लोक लपून राहतात, मग त्यांच्यापर्यंत औषध आणि माहिती पोचवायची कशी, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. २ जुलै २००९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती होते अजित शहा, मूळचे आपल्या सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती मुरलीधर. दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्हा नाही, असं त्यांनी सांगितलं. बहुसंख्यांना आवडत नाही, नीतीला धरून नाही, म्हणून गुन्हा, हे त्यांना मान्य नव्हतं. इथं बाबासाहेब पुन्हा आले. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेब संवैधानिक नैतिकतेबद्दल बोलले होते: ती माणसात उपजत नसते, जोपासावी लागते. न्यायालयानं तोच धागा धरला. लोकांच्या मनातली नीती वेगळी आणि राज्यघटनेची नीती वेगळी. कायदा चालायचा तो दुसरीवर.

मग सर्वोच्च न्यायालयात अपील झालं. अपील करणारे एक दिल्लीचे ज्योतिषी होते. त्यांच्या जोडीला मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आलं, काही ख्रिस्ती संघटना आल्या, मनुवादी म्हणवणारे आले. एरवी हे एका पंगतीला बसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या धर्मात हे निषिद्ध आहे, उद्या याला मान्यता मिळाली तर आमच्या श्रद्धेचं काय? आणि समोरच्या बाजूला, वकिलांच्या गर्दीत, आणखी एक अर्ज होता. १९ आईवडिलांचा. त्यात गृहिणी होत्या, शिक्षक होते, निवृत्त माणसं होती. आमच्या मुलांना गुन्हेगार म्हणू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. हे आम्ही त्या ताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आयाबी गेल्या होत्या?" एवढंच त्यांनी विचारलं.

११ डिसेंबर २०१३ रोजी अपील करणारे जिंकले. अशी माणसं फार थोडी, आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले, मग कलम रद्द कशाला, असं न्यायालय म्हणालं. थोडे आहेत म्हणून हक्क नाही, हे आम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं. गावात एकच विधवा असली तर तिला रेशन द्यायचं नाही का? त्या वेळी मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी मात्र वेगळं सांगितलं: समलिंगी लग्नाला चर्चची मान्यता नाही, पण या माणसांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. म्हणजे धर्माच्या नावानं बोलणारे सगळे एका सुरात नव्हते.

शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं २०१३ चा निकाल फिरवला. त्यांत एकच बाई होत्या, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. या माणसांना न्याय द्यायला इतका उशीर झाला, त्याबद्दल इतिहासानं त्यांची माफी मागायला हवी, असं त्यांनी लिहिलं.

आता पुढचं ऐका. बरोबर बावीस दिवसांनी, २८ सप्टेंबरला, शबरीमला देवळाचा निकाल आला. दहा ते पन्नास वयाच्या बायकांना तिथं बंदी होती. चार पुरुष न्यायमूर्ती म्हणाले, बंदी उठवा. एकट्या इंदू मल्होत्रा म्हणाल्या, नको. सतीसारखी दुष्ट प्रथा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी कुणाच्या श्रद्धेला तर्क लावणं कोर्टाचं काम नाही.

यावरून आमच्या रेडिओच्या खोलीत चांगलीच जुंपली. एक जण म्हणाली, बाईंचं बरोबर आहे, सरकारनं निजण्याच्या खोलीत शिरू नये आणि गाभाऱ्यातही शिरू नये. दुसरी उसळली. म्हणाली, निजण्याच्या खोलीचं दार लावलं तर बाहेर कुणाचं नुकसान होत नाही, गाभाऱ्याचं दार लावलं तर बाहेर मी उभी राहते. तिला शनी शिंगणापूर आठवलं. २०१६ च्या गुढीपाडव्याला तिथला चौथरा बायकांना खुला झाला, तेव्हाही धर्म बुडणार असं म्हणत होते. आम्ही दुसरीच्या बाजूचे. पण पहिली अजून आपलं म्हणणं सोडत नाही, आणि ती याच रेडिओवर तुमच्याशी बोलते.

राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला धर्म पाळायचं, सांगायचं स्वातंत्र्य देतं. पण त्याच वाक्यात अट आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. कीर्तनकारानं कीर्तनात हे पाप आहे म्हणावं, मौलवींनी म्हणावं, पाद्र्यांनी म्हणावं. त्यांना ती मोकळीक आहे. मात्र त्यांच्या सांगण्यावरून कुणाला तुरुंगात घालता येत नाही. २०१८ नंतर एवढं ठरलं.

लग्नाचं मात्र ठरलेलं नाही. २०२२ मध्ये काही जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांनी देवळातलं लग्न मागितलं नाही, निकाह मागितला नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा मागितला, आंतरधर्मीय जोडपी ज्या कायद्यानं कचेरीत लग्न करतात तो. धर्माच्या वाटेला जायचं नाही म्हणूनच त्यांनी ती वाट घेतली होती. केंद्र सरकारनं सांगितलं की ही शहरातल्या वरच्या थरातल्या लोकांची मागणी आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयानं नकार दिला: हा अधिकार संसदेचा. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. शहरातल्या वरच्या थरातले हे वाचताना आम्हाला त्या ताईंचा पत्र्याचा ओटा आठवला.

दरम्यान जुनी दंड संहिताच गेली. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात ३७७ नाही. यात एक गफलत झाली आहे. पुरुषावर जबरी झाली तर आधी हेच कलम लावत. ते गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

मुलाला 'बरं' करण्याच्या उपचारांचंही सांगतो. असा उपचार करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. आणि देवऋष्यानं अघोरी प्रकार करून पैसे उकळले, तर आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आम्ही पुन्हा गेलो. ताईंनी तो अर्ज मागे घेतला होता. त्याऐवजी दोन शेळ्यांसाठी कर्ज घेतलं. पोरगा फोन करतो, म्हणाल्या, पण घरी यायला तयार नाही, बापाला अजून सांगितलेलं नाही. पोरासाठी धरलेला मंगळवारचा उपास चालूच आहे. तो कशासाठी, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. लग्न व्हावं म्हणून? ताई म्हणाल्या, "आधी त्याच्यासाठीच धरला होता. आता तो घरी यावा म्हणून धरलाय."