गोदीचा आकडा

गोदीतल्या हमालाच्या हातात पोती ओढायला लोखंडी आकडा असे. आमचे मामू तो खांद्यावर अडकवून दारूखान्यातल्या खोपटात परतत. सदऱ्याला कधी खजुराचा वास, कधी गंधकाचा. आज कुठलं जहाज लागलं, ते आम्ही पोरं वासावरून ओळखायचो.

दुसरा आकडा हिशेबाचा. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तो फार जपून मांडला गेला. 1873 साली पोर्ट ट्रस्ट आला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा गोदी. गाठोड्यागणिक नोंद होई. माणसं मात्र तोलीवाला पुरवायचा. आज काम, उद्या नाही. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा झाला आणि त्यापुढे हमालाचं नाव रजिस्टरात चढू लागलं. पण ते कामाचं रजिस्टर. तो झोपतो कुठे, हा रकाना त्यात नव्हता.

14 एप्रिल 1944 आठवा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा, शिवाय कापूस आणि सोनं. सोन्याच्या विटा मोजलेल्या होत्या. गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या, आणि परत केल्या गेल्या. माणसं किती गेली? कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. तोलीतल्या बिनचेहऱ्याच्या हमालांना मोजायचं कशावरून?

मग 1989 साली पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं. माल कंटेनरमधून येऊ लागला आणि मामूंचा आकडा खिळ्यावर गेला. 2007 साली मुंबई बंदरात नव्या कंटेनर टर्मिनलचा करार झाला. त्यासाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या. ज्या पाण्यात ते जहाज फुटलं, तिथे आता जमीन आहे.

किनाऱ्याच्या नव्या रूपासाठी 2014 साली राणी जाधव समिती नेमली गेली आणि 2018च्या अखेरीस आराखड्याचा मसुदा आला. क्रूझ, मरिना, फिरायला समुद्रकाठ. मला यात वावगं वाटत नाही. एवढा समुद्र उशाशी असून मुंबईकराला शतकभर तो कुंपणाआडच राहिला. पण कौला बंदरच्या वस्तीने वर्षानुवर्षं पाणी विकत घेतलं. जमीन केंद्राच्या अखत्यारीतल्या पोर्ट ट्रस्टची, म्हणून राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना तिथे आपसूक लागू झाली नाही. गोदी होती तेव्हा हे लोक कामाचे होते. गोदी गेली आणि ते अतिक्रमण ठरले.

मामू गेले. त्यांचा नातू अजून तिथेच राहतो. पुनर्वसनाची बातमी आली की तो मामूंची पत्र्याची पेटी उघडतो. आत गोदीचं कार्ड आहे. त्यावर नंबर आहे, अंगठा आहे. पत्त्याच्या जागी नुसतं ‘दारूखाना’ लिहिलंय.