जागा होती, पण यादी मावेना

जानेवारी २००४ मध्ये ‘नासा’ची ‘स्पिरिट’ ही सहा चाकी गाडी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरली. २१ जानेवारीला तिचा पृथ्वीशी संपर्क बिघडला. तिचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत होता. रात्रीही तो जागाच राहिल्याने बॅटरी उतरू लागली.

बिघाड कशात होता? माहिती साठवण्याच्या २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरीत प्रवासापासूनच्या हजारो फाइली जमल्या होत्या. वाचनालयाचे उदाहरण घेऊ. कपाटात जागा आहे, पण नोंदवहीच टेबलावर मावत नाही, तर काम अडणारच. येथे फाइलींची यादी चालू कामाच्या मेमरीत उघडावी लागे. फाइल पुसली तरी यादी आखडत नसे. सुरू होताच संगणक यादी उघडू पाही आणि जागा न पुरल्याने बंद पडे.

अभियंत्यांनी फ्लॅश मेमरी न उघडताच सुरू होण्याची आज्ञा पाठवली. मग जुन्या फाइली काढल्या. फेब्रुवारीत ती मेमरी पूर्ण पुसून नव्याने मांडली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी पुढे २०१० पर्यंत संपर्कात राहिली.

शाळेतला संगणक ‘जागा नाही’ म्हणू लागला, तर फाइली पुसण्याआधी विचारावे: नेमकी कोणती जागा?