‘सुलताना’ची यादी

‘रामदास’ बोटीविषयी वाचताना एक गोष्ट मला नेहमीच बोचत आली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली आणि महिन्याभरातच देश स्वातंत्र्याच्या उत्सवात बुडून गेला. मोठ्या घटनेच्या सावलीत एवढे दुःख झाकले गेल्याची दुसरी उदाहरणे आहेत का, हे शोधता शोधता मी थेट अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर पोहोचले. तिथे ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीची हकीगत हाती लागली.

या बोटीचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. २६ एप्रिल १८६५ रोजी, आर्कन्सॉ राज्यातल्या हेलेना गावी ते टिपले गेले. बोटीच्या तळापासून छतापर्यंत माणसेच माणसे दिसतात. आपला चेहरा छायाचित्रात यावा म्हणून ती एका बाजूला धावली, तेव्हा बोट कलंडते की काय, अशी भीती निर्माण झाली होती. पुढच्याच पहाटे, दोनच्या सुमारास, मेम्फिसच्या उत्तरेला सातेक मैलांवर बोटीचे बॉयलर फुटले. छायाचित्रातले निम्म्याहून अधिक लोक त्या रात्री मेले.

हे लोक होते कोण? अमेरिकेचे यादवी युद्ध नुकतेच संपत आले होते. दक्षिणेच्या ताब्यातल्या कहाबा आणि अँडरसनव्हिल इथल्या छावण्यांमधून सुटलेले उत्तरेचे युद्धकैदी व्हिक्सबर्गजवळ जमवले होते. ओहायो, इंडियाना, केंटकी, टेनेसी, मिशिगन अशा राज्यांतली ही बहुतेक तरुण मुले. उपासमारीने आणि आजाराने त्यांची पुरती हाडे झाली होती. घरी जायचे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

सरकार प्रत्येक शिपायामागे आणि अधिकाऱ्यामागे भाडे देत होते. त्यामुळे या माणसांना नेण्यासाठी बोटवाल्यांमध्ये चढाओढ होती. ‘सुलताना’चा कप्तान कॅस मेसन हा बोटीचा भागीदारही होता. लष्करी वाहतुकीचा अधिकारी रूबेन हॅच याने लाच घेतल्याचा संशय आजही अभ्यासकांच्या लिखाणात कायम आहे. हे सगळे मी वाचत होते, पण मला अडवले ते एका साध्या कारकुनी तपशिलाने.

नियमाप्रमाणे आधी कैद्यांची यादी व्हायची आणि मग ते बोटीवर चढायचे. कॅप्टन फ्रेडरिक स्पीड याने आधी सांगितले होते, की याद्या तयार नाहीत, तेव्हा ही माणसे ‘सुलताना’वर जाऊ शकत नाहीत. यावर कॅप्टन जॉर्ज विल्यम्स याने तोड काढली. माणसे बोटीवर चढताना नावे तपासून घेऊ, कागद मागाहून पुरे करू. झाले! सगळ्यांना एकाच बोटीवर घालायचे ठरले. स्पीडच्या अंदाजाने ते तेराशे-चौदाशे भरणार होते. प्रत्यक्षात बोटीवर प्रवासी आणि खलाशी धरून एकवीसशेच्या वर माणसे चढली. परवाना होता ३७६ जणांचा. त्याच धक्क्यावर आलेल्या ‘लेडी गे’ आणि ‘पॉलिन कॅरोल’ या बोटी या कैद्यांना न घेताच निघून गेल्या.

बॉयलरची कथाही याच जातीची. चारपैकी एक बॉयलर गळत होता. कारागिराचे म्हणणे होते की पत्रे बदलायला हवेत. त्याला वेळ लागला असता आणि तेवढ्यात माणसे दुसऱ्या बोटीने गेली असती. म्हणून मूळ पत्र्याहून पातळ पत्र्याचे ठिगळ मारले. स्फोट नेमका कशाने झाला, यावर अजून वाद आहेत. कोणी ठिगळाला दोष देतात, कोणी गढूळ पाण्याच्या गाळाला, कोणी वरच्या भाराने डोलणाऱ्या बोटीच्या बॉयलरमधली पाण्याची पातळी ढळण्याला. पण घाई या सगळ्यांच्या मुळाशी होती.

नदीला पूर होता, पाणी बर्फासारखे गार होते. अनेकांना पोहता येत नव्हते, ज्यांना येत होते त्यांच्या अंगात त्राण नव्हते. खालच्या दिशेने येणाऱ्या ‘बोस्टोना’ या बोटीने अनेकांना उचलले. आर्कन्सॉच्या काठावरच्या लोकांनी ओंडक्यांचे तराफे करून बुडणाऱ्यांना वाचवले. काही आठवड्यांपूर्वीच यातले काही जण दक्षिणेच्या बाजूने लढत होते.

आणि तरी हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. लिंकन यांचा मृत्यू १५ एप्रिलला झाला होता. त्यांचा मारेकरी बूथ २६ एप्रिलला, म्हणजे स्फोटाच्या आदल्याच दिवशी, मारला गेला. वर्तमानपत्रांची पाने त्या बातमीने भरली. चार वर्षांच्या युद्धात लाखो मृत्यू पाहिलेल्या देशाला आणखी एका मृत्युवार्तेने हलवले नाही. लष्करी न्यायालयापुढे एकटा स्पीड उभा राहिला. तो दोषी ठरला आणि पुढे तो निकालही फिरवला गेला. शिक्षा कोणालाच झाली नाही.

मेले किती? लष्कराच्या चौकशीने १२३८ सांगितले, मेम्फिसच्या कस्टम कचेरीने १५४७. पुढे बराच काळ अठराशे हा आकडा चालत राहिला. अलीकडे जीन सॅलेकर या अभ्यासकाने नाव न् नाव तपासून तो साडेअकराशेच्या थोडा वर आणला आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात सहाशेहून अधिक माणसांचे अंतर आहे. ‘रामदास’वर जेवढी गेली, तेवढी माणसे इथे नुसत्या हिशेबाच्या फटीत आहेत! व्हिक्सबर्गच्या धक्क्यावर ‘मागाहून पुरे करू’ म्हणून सोडलेल्या यादीची ही किंमत. मेम्फिसच्या राष्ट्रीय दफनभूमीत ‘सुलताना’वरच्या कित्येकांच्या कबरींवर ‘अज्ञात’ एवढेच कोरलेले आहे.

ती यादी पुरी करायचे काम अखेर वाचलेल्यांनीच अंगावर घेतले. ते १८८०च्या दशकापासून दरवर्षी एकत्र जमू लागले. उत्तरेकडचे ओहायोच्या बाजूला, टेनेसीचे नॉक्सव्हिलला. चेस्टर बेरी हा मिशिगनच्या पलटणीतला शिपाई पुढे धर्मोपदेशक झाला होता. त्याने सोबत्यांच्या आठवणी पत्रे पाठवून मागवल्या. शंभराहून अधिक हकीगती गोळा झाल्या आणि १८९२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. नॉक्सव्हिलच्या माउंट ऑलिव्ह दफनभूमीत ४ जुलै १९१६ रोजी टेनेसीच्या मंडळींनी स्मारक उभारले. त्या दगडावर बोटीची आकृती आहे आणि टेनेसीच्या शिपायांची नावे आहेत. १९३० च्या मेळाव्याला प्लेझंट कीबल हा एकटाच म्हातारा आला.

इथे सगळे संपायला हवे होते, पण तसे झाले नाही. १९८२ मध्ये जेरी पॉटर या मेम्फिसच्या वकिलाने घेतलेल्या शोधात आर्कन्सॉतल्या सोयाबीनच्या शेताखाली जळक्या लाकडांचे अवशेष सापडले. मिसिसिपीने मधल्या काळात पात्र बदलले होते. १९८७ पासून वंशज जमू लागले आणि २०१५ मध्ये मॅरियन गावात ‘सुलताना’चे संग्रहालय झाले. ज्या काठावरच्या माणसांनी बुडणाऱ्यांना ओढून काढले, त्याच काठावरचे हे गाव आहे.

स्मारक म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पुतळा, फुले, दोन मिनिटांची शांतता येत असे. ‘सुलताना’ने त्यात भर घातली ती कोऱ्या कागदाची. माणूस बोटीवर चढताना त्याचे नाव लिहून घेतले नाही, तर तो बुडाल्यावर कोणाला तरी ते शोधत बसावे लागते. ते काम गेली दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे आणि अजून पुरे झालेले नाही.